पोरगी नाव मागून राह्यली

गडचिरोली जिल्ह्यातल्या ज्या जंगलातल्या गावात मी नर्स म्हणून सात वर्षं काढली, तिथं बाळ जन्मलं की पहिल्या दोन दिवसांत आई नाहीतर बाप मला हमखास म्हणायचे, "सिस्टर, नाव सांगा ना एखादं."

मी शिकलेली, बाहेरून आलेली, तेव्हा माझ्याजवळ नावांचा साठा असणार असं त्यांना वाटायचं. सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी जन्मली ती बुधी, अशी पद्धत त्यांच्या आईबापांच्या वेळेस होती. आताच्या पोरींना मात्र फोनमध्ये दिसणाऱ्या मुलींसारखी नावं हवी असायची. मलाही ते काम आवडायचं. सुया टोचणं, टाके घालणं, रजिस्टरं भरणं या सगळ्यात नाव सुचवणं हे एकच काम असं होतं, ज्यात कुणी रडायचं नाही.

एक नाव मात्र मी बाजूला ठेवलं होतं. ओवी. नर्सिंगला होते तेव्हा वसतिगृहाच्या पलंगावर पडल्या पडल्या ठरवून टाकलं होतं, की मुलगी झाली तर ओवी. नवरा कोण ते ठरायचं होतं, पण नाव पक्कं होतं.

ते मी नोकरीच्या तिसऱ्या वर्षी देऊन बसले. नाल्याला पूर होता आणि एक बाई अलीकडच्या काठावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच बाळंत झाली. पोरगी जन्मली ती निळसर, गप्प. मी तिचं नाक-तोंड साफ केलं, पाठ चोळली, पायाच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या. ती रडली, पण तिला गुंडाळायला कापड सापडेना. तिच्या बापानं डोक्यावरचा दुपट्टा काढून दिला आणि तिथंच विचारलं, "नाव काय ठेवाचं जी, सिस्टर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "ओवी."

झालं. ते नाव त्या गावात नशीबवान ठरलं. सहा महिन्यांनी त्या बाईच्या चुलत जावेला मुलगी झाली. तिलाही तेच पाहिजे. मग शेजारणीला. मी दुसरी चांगली चांगली नावं सांगून पाहिली, पण कुणी ऐकेना. आणि गावातल्या तोंडाला 'वी' काही जमेना, म्हणून सगळ्या जणी 'ओयी' झाल्या. अंगणवाडीत नाल्याची ओयी, मधली ओयी आणि धाकटी ओयी अशा तीन ओळीत बसायच्या. एकीला हाक मारली की तिघी उठायच्या.

लग्नाला पाच वर्षं झाल्यावर मला दिवस गेले, तेव्हा नवऱ्याला मी ही गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला.

"मग आपली चौथी ओयी," तो म्हणाला. "नाव कशाले, नंबरच देऊ तिले."

नवरा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत नोकरीला. आठवड्याच्या सुटीला मोटारसायकलवर माझ्याकडे यायचा. कितीही धुतलं तरी त्याच्या डोळ्यांच्या कडा काळ्याच राहायच्या, काजळ घातल्यासारख्या. त्या दिवसांत तो येताना दर वेळी नावं घेऊन यायचा. खाणीच्या कँटीनमध्ये चहा पिता पिता तो सोबत्यांना विचारायचा आणि फोनमध्ये लिहून ठेवायचा. त्याची एक परीक्षा होती. तो म्हणायचा, "नाव कागदावर वाचून समजत नाई. आवाज देऊन पाहा लागते. जेवाले बोलवाचं हाय आणि पोरगी तिकडं हापशीवर खेळून राह्यली, असं समजाचं."

मग तो खरंच अंगणात उभा राहायचा आणि हापशीच्या दिशेनं ओरडायचा, "आराध्याऽऽ!" कोंबड्या पळायच्या. "लांब हाय. दम लागते." पुन्हा, "रियाऽऽ!" समोरच्या घरातून एकदा आशाताई धावत आली. ही आमच्या गावची आशा कार्यकर्ती, माझा उजवा हात. तिनं घाबरून विचारलं, "कोन हरपलं जी, भाऊ?"

"अजून आली नाई ते," नवरा म्हणाला.

सावली या माझ्या सासरच्या गावी सासूबाई असायच्या. सासरे वारल्यापासून एकट्याच धानाची शेती पाहायच्या. त्यांना हा आरडाओरडा अजिबात पसंत नव्हता. पोटातल्या लेकराचं नाव काढू नये, जन्मल्यावर ब्राह्मणाला विचारून अक्षर काढावं आणि नाव ठेवायचा मान आत्याचा, असं त्यांचं तीन कलमी म्हणणं होतं. आत्या म्हणजे माझी नणंद, नागपूरला राहते, हौशी आहे. तिनं सगळ्यांना जोडून फोन लावला आणि सांगितलं, "माझं ठरलं. मुलगी झाली तर नायशा."

सासूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "पोरीचं नाव नाश्ता?"

"नाश्ता नाही गं आई. ना-य-शा. म्हणजे खास."

"खास असो का साधा, नाश्ताच ऐकू येऊन राह्यला मले."

मला दिवस भरायला तीन आठवडे होते तेव्हाची गोष्ट. त्या सोमवारपासून मी रजेवर जाणार होते आणि रविवारी नवरा मला गाडी करून सावलीला नेणार होता. तो शनिवार होता. मोहाचे दिवस. मोहफुलं वेचायला अख्खं गाव पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात गेलेलं. माझ्याजागी बघायला जी नर्स येणार होती, ती सोमवारी येणार होती. आमचा पुरुष कर्मचारी तालुक्याला मीटिंगला. मी सकाळी आठला उपकेंद्राचं दार उघडलं, झाडू मारला आणि वाकून केरसुणी ठेवताना पाणी गेलं.

मी शेकडो बायांना सांगितलं असेल, की पाणी गेलं तरी घाबरायचं नाही, पहिलटकरणीला वेळ लागतो. मी तेच मोठ्यानं स्वतःला सांगितलं. अॅम्बुलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या गावचा पेशंट घेऊन गेली होती, यायला दीड तास. नवऱ्याला लावला. त्याची पहिली पाळी, फोन खाली नेता येत नाही, तो लॉकरमध्ये वाजत राहिला. तोवर कळा सुरू झाल्या होत्या, आणि त्या पहिलटकरणीच्या नव्हत्या. दर तीन मिनिटांनी. मी पुस्तक शिकलेली बाई, मला लगेच कळलं की दीड तास काही मिळत नाही.

मी दारात येऊन आशाताईला हाक मारली. ती मोहावर गेलेली. समोरच्या अंगणात फक्त दाई होती. आदल्या दिवशीची मोहफुलं उन्हात पसरत बसली होती.

या दाईबद्दल सांगायला हवं. सत्तरीची गोंड म्हातारी, माझ्या येण्याआधी गावातली निम्मी माणसं तिच्याच हातात जन्मलेली. मी आले, दवाखान्यातच बाळंतपण करायचं असा नियम आला आणि तिचं काम गेलं. पहिली दोन वर्षं ती माझ्याशी बोलली नाही. आत बाई अडलेली असली की ती येऊन पायरीवर बसायची. बाळ रडल्याचा आवाज आला की काही न बोलता उठून जायची. पुढे मीच तिला आत बोलवायला लागले. बाळंतिणीची कंबर दाबायला, धीर द्यायला तिच्याइतकं कुणी नव्हतं. तेव्हापासून आमचं जमलं होतं.

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. हातातली मोहफुलं टाकली, हात झटकले आणि आली.

"आजी, हात धुवा. साबणानं, कोपरापर्यंत," मी म्हणाले.

"मालूम हाय. चार वर्सापासून तेच आयकून राह्यलो." तिनं हात धुतले, मला खांद्याला धरून टेबलावर चढवलं आणि म्हणाली, "तू आज लेटून राह्य. आज मी सिस्टर."

त्या टेबलावर मी कधी झोपले नव्हते. छताला पाण्याच्या ओलीचा एक डाग होता, तो मी पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यात आशाताई आली. टोपली डोक्यावर, घामानं निथळलेली. दाईनं तिला दारातूनच ओरडून कामाला लावलं. मग पाऊण तास मी कळा देत होते आणि मधल्या वेळात सूचना देत होते. हातमोजे त्या डब्यात. कात्री उकळलेली नको, पाकिटातली नवी घ्या. नाळेला चिमटा दोन ठिकाणी. दाई म्हणाली, "ही बाई पोट्टं काहाडू देत नाई, भाषन देऊन राह्यली." मला त्या कळेतही हसू आलं. हसले म्हणून जोर सुटला, म्हणून दाई रागावली.

साडेनऊला मुलगी झाली. लगेच रडली, इतक्या जोरात की आशाताईनं दोन्ही हात जोडले. दाईनं तिला माझ्या छातीवर ठेवलं आणि आम्ही तिघी रडलो. दाई सगळ्यांत जास्त.

पुढचं मात्र नीट होईना. मुलगी दूध ओढेना. तोंड लावायची, सोडायची आणि टाहो फोडायची. मी बायांना जे शिकवायचे ते सगळं करून पाहिलं. अंगाला अंग लावलं, मान आधारानं धरली, कूस बदलली. शिकवायला सोपं असतं. अर्धा तास झाला, पाऊण झाला, मी रडकुंडीला आले. दाई शेजारी शांत बसली होती.

"दूध नाई मांगत ते," ती म्हणाली. "नाव मांगून राह्यली."

त्यांच्या घरात कसं करतात ते तिनं सांगितलं. बाळ दूध घेईना तर घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावाला बाळ तोंड लावील, ते माणूस परत आलं असं समजायचं आणि तेच नाव ठेवायचं. मला अशा गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही असं शिकवलेलं. पण माझी मुलगी रडत होती आणि माझ्याजवळ दुसरं काही शिल्लक नव्हतं.

"सांग तुह्या घरच्या बायांचे नाव."

मी माझ्या आजीचं नाव घेतलं. मुलगी रडतच होती. दुसऱ्या आजीचं घेतलं. मग पणजीचं घ्यायला गेले. आणि तिथं मी अडकले. पणजीचं नाव मला माहीत नव्हतं. तिच्या हातची भाकरी खाल्लेली, तिच्या मांडीवर झोपलेली, पण आम्ही सगळे तिला 'मोठी माय' म्हणायचो आणि ती गेली तेव्हा मी लहान होते. गावभर ज्याच्या-त्याच्या आईचं, सासूचं नाव विचारून रजिस्टरात लिहिणारी मी, माझं मलाच सांगता येईना.

"तुह्या घरचे नाई," दाई म्हणाली. "पोरगी कोनाच्या घरची हाय? तिच्या बापाच्या. सासूले लाव फोन."

फोन लावायचाच होता. आशाताईनं लावला आणि स्पीकर सुरू केला. सासूबाईंना मुलगी झाल्याचं सांगितलं तेव्हा त्या आधी 'बाप्पा बाप्पा' एवढंच म्हणत राहिल्या. मग एकदम प्रश्नांचा मारा. कशी हाय, तू कशी हाय, कोन होतं जवळ, पोरीले काऊन रडवून राह्यल्या? दाईनं फोन हातात घेतला आणि ओळखदेख नसताना सरळ कामाचं बोलली.

"बाई, तुह्या घरातल्या बायांचे नाव सांग. पोरगी दूध घेत नाई."

मला वाटलं सासूबाई नाराज होतील. ब्राह्मण, अक्षर, आत्याचा मान, सगळंच बाजूला पडत होतं. पण त्या लगेच सांगायला लागल्या, जशी काही वाटच पाहत होत्या. आपल्या सासूचं नाव सांगितलं. मुलगी रडते. आजेसासूचं. रडते. एक चुलत सासू होती, तिला मूल नव्हतं, तिनं माझ्या नवऱ्याला वाढवलेलं, तिचं सांगितलं. मुलीनं तोंड लावलं. आशाताई पुढं वाकली. तिनं सोडलं.

"आनखी?" दाई म्हणाली.

"आनखी कोन बाई? आता मीच उरली." आणि सासूबाईंनी स्वतःचं नाव सांगितलं, जे रेशनकार्डावर आहे, सातबाऱ्यावर आहे, जे आम्ही सगळे ओळखतो.

"ते नोको. जित्याचं घेत नाई," दाई म्हणाली. मग थांबली. मुलीकडे पाहिलं. "हे तं तुले सासरच्यांनी देल्लं असन. मायबापानं काय देल्लं होतं?"

फोनवर दार लोटल्याचा आवाज आला.  मग सासूबाई बोलल्या, एकदम हळू, आणि त्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"सगुणा."

दाईनं ते नाव दोनदा घेतलं, मुलीच्या कानाजवळ. मी तिला दुसऱ्या कुशीवर घेतलं होतं, मान थोडी वर केली होती. तिनं तोंड लावलं आणि ओढलं. पुन्हा ओढलं. मग खोलीत फक्त तिच्या गिळण्याचा आवाज येत राहिला.

नर्स म्हणून मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की मान नीट बसली म्हणून. तेही खरं आहे. पण त्या क्षणी मी तसं काही म्हणाले नाही. आशाताईनं फोनवर ओरडून सांगितलं, "प्याली जी, प्याली!" आणि तिकडून सासूबाई हसत होत्या की रडत होत्या ते कळलं नाही.

अॅम्बुलन्स उशिरा का होईना, आली. तपासणीसाठी आम्हाला गडचिरोलीला नेलं. दोघी ठीक होतो. दुपारी नवरा दवाखान्यात पोचला तो तसाच, खाणीच्या कपड्यात. नर्सनं त्याला आधी हात-तोंड धुवायला पिटाळलं. मुलीला मांडीवर घेऊन त्यानं तिची बोटं मोजली. मग त्यानं खिशातून फोन काढला.

"चौदा नावं हायेत. वाचू?"

"आधी एक सांगा," मी म्हणाले. "तुमच्या आईचं नाव काय?"

त्यानं रेशनकार्डावरचं नाव सांगितलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाळंतपणात माझ्या डोक्यावर परिणाम झाला की काय.

"ते नाही. लग्नाआधीचं."

तो विचार करत राहिला. चौतीस वर्षांचा माणूस. "लग्नाआधी दुसरं होतं?" तो म्हणाला.

मी सांगितलं. त्यानं ते नाव पुटपुटून पाहिलं. मग उठला, मुलीला माझ्याजवळ दिलं आणि बाहेर व्हरांड्यात गेला. खिडकीतून मला त्याचा आवाज ऐकू आला. तो हाक मारून पाहत होता, पण हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी. परत आला तेव्हा त्यानं फोन खिशात ठेवून दिला होता.

अडचण पुढेच होती. सासूबाईच तयार होईनात.

"तेवढ्यापुरतं सांगतलं म्या. लेकरू उपाशी होतं म्हनून. जित्या मानसाचं नाव कोनी ठेवते का?" त्या म्हणाल्या. आम्ही सावलीला आलो होतो आणि त्या बाजेवर बसून मुलीला तेल लावत होत्या. "आन तू तिच्यावर रागावशीन कशी? सगुणे, शेंबूड पूस, म्हनशीन? सासूले?"

"तुम्हाला त्या नावानं कुणी बोलावत नाही ना पण?"

"नाई," त्या म्हणाल्या. तेल लावणारा हात थांबला. "लगन झालं तवा या घरात एक सगुणा होतीच, मोठी जाऊ, जे मंग घर सोडून गेली. दोन सगुणा कशा ठेवाच्या? म्हनून मंडपातच बदललं. तांदळात लिहिलं आन मले वाचाले सांगतलं. मले तं वाचताच येत नव्हतं. तुह्या सासऱ्यानं कानात सांगतलं, आता तू हे."

"राग आला होता?"

"राग कशाचा? सोळा वर्साची होती. पन आठ-पंधरा दिवस कोनी आवाज देल्ला तं मी वळतच नव्हती. सासू म्हने, सून बहिरी आनली." त्या हसायला लागल्या आणि मुलीच्या पोटावरून हात फिरवत राहिल्या. "वळाची सवय झाली मंग."

त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्या मुलीला उन्हात घेऊन बसल्या होत्या आणि तिच्याशी बोलत होत्या. काय म्हणून हाक मारत होत्या ते मला ऐकू आलं. मी पुन्हा आत जाऊन पडले.

राहता राहिली नणंद. सव्वा महिन्यानं बारसं ठरलं. नणंदेला फोनवर सगळं सांगायचं असं नवरा रोज म्हणायचा आणि रोज टाळायचा. शेवटी बारशाच्या सकाळी ती नागपूरहून उतरली, हातात एवढा मोठा केकचा खोका. वर गुलाबी क्रीमनं लिहिलेलं: नायशा.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. सासूबाई म्हणाल्या, "ठेव तिचंच. आत्याचा मान हाय." आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. घुगऱ्यांचं पातेलं विनाकारण ढवळायला लागल्या.

मग मीच नणंदेला माडीच्या जिन्यावर बसवलं आणि सुरुवातीपासून सांगितलं. मोहाचे दिवस, दाई, फोन, सगळं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "आईचं नाव सगुणा होतं?" मी मान हलवली. "मला माहीतच नाही," ती म्हणाली. "मी तिची मुलगी आणि मला माहीत नाही." तिच्या डोळ्यांतलं काजळ पसरलं. ते तिनं माझ्याच पदराला पुसलं.

"पण केक?" थोड्या वेळानं ती म्हणाली.

"केक खाऊ की."

पाळणा सजला, बाया जमल्या. नणंद पाळण्यात वाकली, मुलीच्या कानाशी 'कुर्र' केलं आणि नाव सांगितलं. सगळ्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, जसे घालतात, आणि विचारलं, काय सांगितलं, काय सांगितलं? ती सरळ उभी राहिली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "सगुणा!"

दारात सासूबाई झारा हातात घेऊन उभ्या होत्या. म्हाताऱ्या बायांमध्ये कुजबुज झाली. एकदोघींना ते नाव आठवत होतं. "अवं, हे तं तुहंच!" एक म्हणाली. सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि आत वळल्या. पण लाजल्या होत्या, रागावल्या नव्हत्या.

केक कापला तेव्हा शेजारच्या एका बाईनं विचारलं, "हे नायशा कोन?" सासूबाईंनी तिला तुकडा दिला आणि म्हणाल्या, "खा तू. नाश्ता हाय."

दुपारी जेवणं आटोपत आली तेव्हा पोंभुर्ण्याहून सासूबाईंचे थोरले भाऊ आले. ऐंशीच्या घरातले, बसनं एकटेच आलेले, उशीर झाला म्हणून वैतागलेले. इतकी वर्षं मी त्यांना पाहत होते. बहिणीच्या सासरी आले की ते तिला 'बाई' म्हणायचे, बाकी काही नाही. पाळण्याजवळ खुर्ची टाकून त्यांना बसवलं. त्यांनी मुलीच्या हातात बंदा रुपया ठेवला आणि विचारलं, "नाव काय ठेवलं?"

नवऱ्यानं सांगितलं.

त्यांना आधी नीट ऐकू आलं नाही. नवऱ्यानं पुन्हा, कानाशी सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्मा काढला. मग पुन्हा घातला. पाळण्याची दोरी धरून दोन झोके दिले.  मग ते मागे टेकले आणि घसा खाकरून, आपल्या बापाच्या घरात बसल्यासारखे, एकदम हुकमी आवाजात म्हणाले,

"सगुणे! पानी आन वं, तहान लागली."

आणि माझी सासू, त्रेसष्ट वर्षांची बाई, जिच्यापुढे गडीमाणसं दबकून असतात, स्वयंपाकघरातून जवळजवळ पळतच आली. हातात लोटा, पाणी अर्धं सांडलेलं.

"आनतो ना, दादा," ती म्हणाली. "दम तं धर."

दोघं एकमेकांकडे पाहून हसायला लागले. मग भावानं पाणी प्यायलं, लोटा परत दिला आणि लहानपणी धानाच्या बांधीत खेकडे धरताना ही कशी चिखलात बसली होती ते सांगायला सुरुवात केली. सासूबाई 'खोटं हाय, खोटं हाय' म्हणत तिथंच जमिनीवर मांडी घालून बसल्या. नवरा आणि नणंद त्यांच्या दोन बाजूंना येऊन बसले. दोघंही पहिल्यांदाच ऐकत होती. संध्याकाळची शेवटची बस निघून गेली तरी म्हाताऱ्याच्या गोष्टी संपल्या नव्हत्या, म्हणून त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं.